चौदाशे बारा

कामावर मी काय जोडतो ते सांगायची मला मुभा नाही.
बॅरोत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी विचारतही नाही.
त्या शेडचं छप्पर गावातल्या कुठल्याही गल्लीतून दिसतं,
न सरकणाऱ्या ढगासारखं.
आत एकतीस वर्षं मी वेल्डिंग करतोय
अशा एका वस्तूवर, जिचं काम समुद्राखाली गप्प राहणं.
पॉलीन म्हणते, नेव्हिल, तूही तसाच झालायस.

म्हणून गॅरेजमध्ये हे.

आधी सांडपाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा. हे धड.
गुडघ्यांना रोल-ऑनच्या बाटल्यांतले गोळे,
खांद्यांना दह्याचे डबे, उलटे.
मांजराची घाण उपसायचं फावडं कापून छातीची जाळी केली.
नवं कोरं होतं, तरी पॉलीन अजून नाक मुरडते.
विणायच्या चार नंबरच्या सुया तिनं आठवडाभर शोधल्या.
पायांचे दट्टे कशाचे आहेत ते मी मागाहून सांगितलं,
अर्धा स्वेटर तिच्या मांडीवर लोंबत असताना.

रिव्हेट सगळ्यात वेळखाऊ.
मिलिमीटरभर जाडीची प्लास्टिकची काडी,
तिच्या चकत्या, मुंगीच्या स्वयंपाकाला काकडी चिरावी तशा.
सुरीच्या टोकावर एकेक उचलायची,
थेंबभर द्रावण, आणि श्वास रोखायचा.
शिंक आली की संध्याकाळ गेली.
डिसेंबरात एक आली होती.

चार महिने ते कचऱ्यासारखंच दिसत होतं.
डाव्या खांद्यावर स्ट्रॉबेरीचं चित्र.
शेजारचा गॉर्डन डोकावून म्हणाला, हे टाकायचंय का?
मग एका कोरड्या रविवारी, दार सताड उघडं ठेवून,
काळ्या प्रायमरचा फवारा मारला.
कुठकुठली माणसं काळे कपडे घालून अंत्यविधीला येतात
आणि तासभर एका घरची दिसतात,
तसे पाइप, डबे, सुया, फावडं.
मी बादली उपडी करून तिच्यावर बसलो. बराच वेळ.

गंज मी हातानं रंगवला.
यार्डात गंजाचा ठिपका दिसला तर तीन जणांच्या सह्या लागतात.
इथे आधी सगळं अंग तांबूस तपकिरी,
ते ओलं असताना चिमूटभर मीठ,
मीठ बसलं की त्यावर हिरवा.
वाळल्यावर जुन्या टूथब्रशनं मीठ झाडलं,
तर जिथे जिथे कण चिकटला होता तिथे तिथे पोपडा उडून
खालचा गंज वर आला, अगदी खरा.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात.
हे कुणी खाल्लेलं नव्हतं, तरी जागलं.

पाठीच्या शिडीवर एक माणूस उभा केला आहे.
वेल्डरची काच कपाळावर सरकवलेली, हातात चहाचा मग,
चेहरा मोहरीएवढा. मिशी आहे.
पॉलीननं भिंगातून पाहिलं आणि काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी कामाच्या टेबलावर दोन सुया होत्या,
दहा नंबरच्या, नव्या, पाकिटासकट.

शनिवारी चर्चच्या हॉलवर नेलं, पुढच्या सीटवर, पट्टा बांधून.
समोर टॅमझिन, वय अकरा.
तिचा रणगाडा काडेपेटीचा, तोफेला पेनाची नळी,
रंग बोटांना लागत होता.
दुसऱ्याच फेरीत तिनं फासे टाकले: सहा, सहा,
आणि टेबलावरून घरंगळता घरंगळता पुन्हा सहा.
नियमाप्रमाणे माझं यंत्र पेटलं
आणि जाताना माझीच नऊ माणसं घेऊन गेलं.
सात महिने बांधलेलं. सतरा मिनिटं टिकलं.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला हसू आवरेना.
मेलेल्यांना उचलून फोमच्या खोक्यात ठेवलं,
ज्याच्या त्याच्या खाचेत.

टॅमझिन जवळ आली, हात पाठीमागे बांधून,
दुसऱ्याच्या वस्तूला शिवायचं नाही असं शिकवलेलं.
"यात रिव्हेट किती आहेत?"
किती, कसे, कुठे, कशासाठी:
या प्रश्नांवर एकतीस वर्षं मी हवापाण्याचं बोललोय.
"चौदाशे बारा," मी म्हणालो.
"थांब, अकरा. एक पडलाय, डाव्या गुडघ्यामागे.
हात लाव ना. बोट फिरव, खड्डा लागेल."